मुरमावरची पकड

जुलैतल्या चांगल्या पावसानंतर नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शिवारात सायकल घालून पाहावी. पांदणीला लागल्यावर पन्नास पावलांच्या आत चाक जड होतं आणि आणखी दहा पावलांवर फिरायचंच थांबतं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये काळी माती ठासून बसलेली असते. ती तुराटीच्या काडीने खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायची आणि शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. आमच्या भागात सायकल शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ती अशी वाहिलेली आहे. मीही वाहिली आहे. डोंगरी सायकलची, म्हणजे माउंटन बाइकची गोष्ट सांगताना मला पहिल्यांदा ही पांदणच आठवते, कारण या खेळात सायकलीइतकीच जमीन कळावी लागते.

काळी माती अशी का चिकटते? तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाचं प्रमाण मोठं असतं. या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. माती फुगते, मऊ होते, जे सापडेल त्याला धरते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणावर आमचा कापूस आणि हरभरा उभा आहे. चाकाला मात्र हीच माती नडते.

याउलट मुरूम. काळी माती आणि मुरूम ही दोन्ही एकाच खडकाची लेकरं. दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातून आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट तयार झाला. तो पूर्ण कुजला की काळी माती होते आणि अर्धवट फुटून भुगा झाला की मुरूम. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, हा लाव्ह्याचा थर संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. पश्चिमेकडे निघालं, तर थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जवळपास हाच खडक पायाखाली असतो. पुण्याजवळच्या टेकडीवर पहिल्यांदा शर्यतीला गेलो तेव्हा नवख्या जागेत आल्यासारखं वाटलं नाही, त्याचं कारण हेच असावं. खडक ओळखीचा होता, उतार तेवढा अनोळखी.

ही सायकल जन्माला आली ती अशाच कच्च्या वाटेवर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासची काही तरुण मंडळी १९७०च्या दशकात भंगारातून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या सायकली उचलून आणायची, त्यांचं मडगार्ड, स्टँड, घंटा सगळं काढून टाकायची आणि वणवा विझवायला जाण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. सुमारे तीन किलोमीटरच्या वाटेत चारशे मीटरची उतरण. तिचं नाव पडलं ‘रिपॅक’. त्या सायकलींना मागे पायंडल उलटं दाबल्यावर लागणारा ब्रेक असायचा. उतारावर तो दाबून दाबून चाकाचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. एकदा खाली उतरलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ‘रिपॅक’.

या मंडळींतल्या जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायचा धंदा सुरू केला. त्यांच्यासाठी फ्रेम बांधत होता टॉम रिची. १९८१ साली बाजारात आलेल्या ‘स्टम्पजंपर’पासून ही सायकल कारखान्यात ढिगाने बनू लागली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षं.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे डांबरी रस्ता येतो. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आमच्या वडिलांच्या पिढीलाही माहीत होता. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. हे सगळं डांबरावरचं. कच्च्या वाटेवरची शर्यत आपल्याकडे उशिरा आली. २००५ मध्ये हिमाचलात सुरू झालेल्या ‘एमटीबी हिमालया’ने देशभरच्या हौशी लोकांना या खेळाकडे ओढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सुवर्णपदकं आणणारी प्रणिता सोमण ही आपल्या संगमनेरची. हे नाव मी गावातल्या मुलींना मुद्दाम सांगतो.

आता पुण्याजवळच्या माझ्या त्या शर्यतीकडे. ती डिसेंबरातली होती, रविवारी सकाळची, पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर. पाच किलोमीटरची फेरी, हौशी गटाला तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत साधारण शंभर मीटर चढ. नांदेड ते पुणे साडेचारशे किलोमीटर. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, शनिवारी वाट बघून ठेवायची, रविवारी शर्यत, त्याच रात्री परत. सोमवारी कामावर.

शुक्रवारी दुपारी गावातल्या सायकल दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी माझी पहिली सायकल जुळवली होती आणि पंक्चर काढायलाही मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांनी अंगठ्याने टायर दाबला आणि भुवया चढवल्या.

“हवा कमी आहे बेटा. भरू का?”

“नको चाचा. बावीसच ठेवायची.”

“बावीस? रिम टेकंल की खाली.”

चाचांचं म्हणणं खोटं नव्हतं. डांबरावर टायर टणकच हवा. पण कच्च्या वाटेवर हिशेब वेगळा आहे आणि तो कागदावर मांडता येतो. मी आणि सायकल मिळून ८० किलो. दोन चाकांवर वजन सारखं वाटलं असं धरू, म्हणजे एका चाकावर ४०. टायरमध्ये ४० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो दाब असेल, तर टायर जमिनीला साधारण १४ चौरस सेंटिमीटर टेकतो, काड्यापेटीच्या सपाट बाजूपेक्षाही कमी. दाब निम्मा केला की टेकणारी जागा दुप्पट, २८ चौरस सेंटिमीटर. शिवाय मऊ टायर खड्याला पाहून उडत नाही, त्याच्याभोवती वळतो. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि त्या प्रत्येक उसळीत चढायची ताकद वाया जाते. जाड टायर, रुंद रिम, आणि टायर व रिमच्या मध्ये चिमटून फुटायला आत ट्यूबच नाही. बारीक छिद्र पडलं तर आतला पांढरा द्रव ते बुजवतो. धोका उरतोच, मोठ्या दगडावर रिम आपटते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाकही शर्यतीच्या मध्यावर पंक्चर झालं. ते बदलताना त्याचा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला आणि तरीही त्याने मागून येऊन सुवर्ण जिंकलं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. “तुझं तू बघ,” म्हणाले, आणि चेनला तेल सोडून दिलं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल जाते ती पुढचं चाक काढून. इथे माझी एक चूक झाली. ती लिहून ठेवतो, कारण ती कुणाचीही होऊ शकते. माझ्या सायकलचा डिस्क ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. ब्रेकच्या दोन पॅडच्या फटीत चाकाची चकती असते. चाक काढल्यावर त्या फटीत पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकवायचा असतो. मी तो अडकवला नव्हता. वाटेत कुठलं तरी सामान सरकलं, ब्रेकचा दांडा दाबला गेला आणि मध्ये चकती नसल्याने दोन्ही पॅड एकमेकांना भिडून बसले. शनिवारी सकाळी चाक बसवायला गेलो तर चकती आत जाईना. जोर करून चालत नाही, स्क्रूड्रायव्हर घातला तर पॅडचा पृष्ठभाग खराब होतो. टायर काढायची प्लास्टिकची पट्टी त्या फटीत अलगद सारून, इकडून तिकडून थोडं थोडं रेटत, पॅड मागे ढकलायला मला पाऊण तास लागला. तेव्हापासून केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा कायम हत्यारांच्या पिशवीत असतो.

शनिवारी वाट पायी चालून पाहिली. हे काम सायकलवर बसून होत नाही. डिसेंबरात टेकडीवरचं गवत पिवळं पडलेलं होतं. खालचा मुरूम घट्ट आणि त्यावर सुटे खडे. ओल असताना मुरमाचे कोनदार दाणे एकमेकांत अडकून बसतात, म्हणून पावसाळा सरल्यावर पहिले काही आठवडे पकड सर्वांत चांगली मिळते. वाळल्यावर तेच दाणे सुटे होतात आणि कठीण तळावर छऱ्यांसारखे गडगडतात. वळणावर बाहेरच्या अंगाला असे खडे साचले होते, आतल्या अंगाला चाकांनी झाडून काढलेली हातभर रुंदीची पट्टी होती. एका ठिकाणी नाल्याच्या काठाला गुडघाभर उंचीची कातळाची पायरी होती. तिथे मी तीनदा मागे जाऊन उभा राहिलो. शेतात पाणी कुठून वाहील हे बघताना माणूस जसा वाकून बघतो, तसं बघावं लागतं. ज्याने बांधावर उभं राहून दारं धरली आहेत त्याला उताराची जाण असते, ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

उतरण्याबद्दल एक गोष्ट मात्र मला नव्याने शिकावी लागली. लहानपणी सगळ्यांनी बजावलेलं असतं, “पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.” त्यामुळे आपण आयुष्यभर मागचाच ब्रेक दाबतो. पण ब्रेक लागला की सगळं वजन पुढे झुकतं. मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक जमिनीला धरत नाही, घसरत जातं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. तोंडावर पडतो तो ताठ बसून पुढचा ब्रेक एकदम आवळणारा माणूस. दोन्ही पायंडलं जमिनीला समांतर ठेवून उभं राहायचं, कोपरं सैल, कंबर मागे आणि खाली, मग एका बोटाने पुढचा ब्रेक हळूहळू दाबायचा, तोही वळणाच्या आधी. वळणात ब्रेक नाही. नजर वाटेवर दहा-पंधरा पावलं पुढे हवी. दगडाकडे बघत राहिलं की चाक त्या दगडावरच जातं. इसापूर धरणाच्या कालव्याच्या भरावावरून खाली उतरत मी हे कितीतरी संध्याकाळी गिरवलं आहे. आमच्याकडे डोंगर नाही, पण भराव आहे, आणि पंधरा फुटांच्या उतारावरही शरीर हे शिकतं.

चढाचं गणित गिअरचं. गावातल्या साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायंडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान. माझ्या डोंगरी सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३२ आणि मागे ५१ दाते, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम दीड मीटर. चौपट फेरे मारायचे आणि दर फेऱ्याला जवळपास एक चतुर्थांश जोर लावायचा. चढाचं एकूण काम तेवढंच राहतं, ते फक्त पायाला पेलतील अशा लहान घासांत वाटलं जातं.

आणि त्या कामाला लागणारं इंधन. तीन फेऱ्यांचा मिळून चढ ३०० मीटर. ८० किलो वजन ३०० मीटर उचलायला सुमारे २३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायंडलापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन घामात जाते. म्हणजे अन्नातून सुमारे साडेनऊशे किलोज्यूल, २२५ कॅलरीच्या आसपास. एका मध्यम केळ्यात १०५ कॅलरी असतात. फक्त चढाचा विचार केला तर ही शर्यत दोन केळ्यांहून थोडी जास्त. खड्यांवरचं घर्षण, ब्रेकमध्ये गेलेला वेग आणि पुन्हा घेतलेली गती यांचा हिशेब वेगळा.

केळ्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, अर्धापूरचा माणूस आणखी काय करणार. आमचा तालुका केळीचा. कालव्याचं पाणी आणि हीच काळी माती. पहाटे घड उतरवणारी माणसं, फण्या वेगळ्या करून धुणाऱ्या बाया, रस्त्याच्या कडेला उभे असलेले ट्रक हे आमचं रोजचं चित्र आहे. जगभरच्या सायकलपटूंच्या पाठीच्या खिशात केळं असतं, आणि ते तिथे असायला कारण आहे. एका केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. कच्च्या केळ्यात त्यातला बराच भाग पिष्ट असतो, पिकताना त्याची साखर होते, म्हणून ठिपके पडलेलं केळं लवकर पचतं आणि लवकर कामाला येतं. तासाभराहून जास्त चालणाऱ्या मेहनतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं क्रीडाशास्त्र सांगतं. म्हणजे तासाला एक ते दोन केळी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर सायकल चालवायला लावली, एकदा केळी खाऊन आणि एकदा बाजारातलं क्रीडापेय पिऊन. वेळेत फरक पडला नाही आणि रक्तातल्या साखरेतही नाही. आमच्या बागेतला माल विकत घेताना व्यापारी दर पाडतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. कष्टाने पिकवलेल्या या फळाची योग्यता किती आहे हे पिकवणाऱ्यालाही कळायला हवं.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही रांगेत उभे होतो. थंडी होती. पाऊण तास आधी एक केळं खाल्लं होतं, दुसरं साल अर्धं सोडवून पाठीच्या खिशात ठेवलं होतं. चालत्या सायकलवर एका हाताने अख्खं केळं सोलता येत नाही.

शिट्टी झाली आणि सगळे जण सुटले. मीही त्यांच्याबरोबर सुटलो आणि पहिल्याच चढावर कळलं की हा माझा वेग नाही. मांड्या पेटल्या, श्वास पुरेना. वर पोचेपर्यंत आठ-दहा जण पुढे निघून गेले होते. मोठ्या स्पर्धांमध्ये नियम असतो. सर्वांत पुढच्या स्पर्धकाच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त मागे पडलं की तुम्हाला वाटेतून बाजूला काढतात. पंधरा मिनिटांची फेरी असेल तर बारा मिनिटांची मुभा. आमच्या हौशी गटाला तो लावलेला नव्हता, पण पहिल्या फेरीनंतर मी मनात तो हिशेब करत होतो.

दुसऱ्या फेरीत मी कुणाच्या मागे जायचं सोडून दिलं. गिअर हलका केला, बसल्या जागी पुढे सरकलो, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही, आणि छाती हँडलकडे झुकवून एका लयीत पायंडल मारत राहिलो. चढावर जिथे मुरूम सुटा होता तिथे आदल्या दिवशी पाहून ठेवलेली झाडलेली पट्टी धरली. पुढे एक तरुण मुलगा होता, त्याची सायकल माझ्यापेक्षा खूप भारी. त्याचं मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं आणि खडे मागे उडत होते. टायर दगडासारखे फुगलेले होते. तो उतरला आणि ढकलू लागला. मी शेजारून जाताना म्हणाला, “काका, पकडच नाही हो इथे.” मी त्याला हवा सोडायला सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, मला मागे वळून बघता आलं नाही.

कातळाच्या पायरीवर पहिल्या फेरीत मी उतरून सायकल उचलली होती. दुसऱ्या फेरीतही उचलली. खांद्यावर घेताना हात आपोआप फ्रेमच्या त्याच जागी गेला जिथे पांदणीत जायचा. तिसऱ्या फेरीत पायरीच्या वीस पावलं आधी ब्रेक सोडले, कंबर मागे नेली, नजर पायरीच्या पलीकडच्या एका पळसाच्या बुंध्यावर ठेवली. पुढचं चाक खाली गेलं, पोटात काहीतरी हललं, मग मागचं चाक धप्पकन आलं आणि सायकल सरळ चालत राहिली. रिम टेकल्याचा आवाज आला नाही. त्या पायरीच्या पुढच्या सपाटीवर उरलेलं अर्धं केळं खाल्लं.

एक तास चौदा मिनिटं. हौशी गटात एकोणीस जणांत बारावा.

सोमवारी पहाटे नांदेडला उतरलो. चाक बसवलं आणि अर्धापूरपर्यंतचे वीसेक किलोमीटर सायकलनेच आलो. चाचा दुकानाचं फळकूट उचलत होते. सायकल भिंतीला टेकवली तर टायरच्या खाचांतून तांबूस मुरमाचे खडे खाली पडले. त्यांनी एक खडा बोटांत घेऊन चुरला.

“रिम टेकली?”

“नाही टेकली.”

चाचा उठले, सायकल घेऊन बाहेर निघाले आणि दुकानामागच्या पांदणीवर घातली. डिसेंबरातली काळी माती वाळून घट्ट झाली होती, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या तशाच दगडासारख्या उभ्या होत्या. त्या चाकोऱ्यांवरून ते उभे राहून गेले, आंब्यापर्यंत जाऊन वळले, परत आले. उतरल्यावर त्यांनी पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मग व्हॉल्व्हची टोपी काढून वरची बारीक चकती सैल केली, तिच्यावर नख टेकवलं आणि स्वतःच आणखी थोडी हवा सोडली.